चाव्यावर चालणारी दुर्बीण

कवळी बनवणारा माणूस सहसा कुणाच्या नजरेस पडत नाही. लोक डेंटिस्टला ओळखतात, त्याच्या खुर्चीला घाबरतात, त्याच्या नावानं बोटं मोडतात आणि नवे दात बसले की आरशात हसून बघतात. ते दात ज्यानं केले तो बापडा मागच्या गल्लीतल्या एका खोलीत प्लास्टरच्या धुळीत बसलेला असतो. ज्याची ही गोष्ट, तो असाच एक. गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

डेंटिस्टकडून तोंडाचे साचे यायचे. त्यांवर मेण चढवायचं, मेणात दात रोवायचे, मेण वितळवून त्या जागी गुलाबी रेझिन भरायचं, मग घासून घासून ते इतकं गुळगुळीत करायचं की जिभेला कुठे अडायला नको. काम चोख. केसाएवढा उंचवटा राहिला तरी त्याला झोप लागत नसे. पण माणूस हट्टी. तोंड कुणाचं, त्याला काय हवंय, हे तो कधी विचारायचा नाही. "साचा खोटं बोलत नाही," म्हणायचा. "माणसांचं काय, माणसं काहीही बोलतात."

एकदा एका म्हातारीची कवळी परत आली. बरोबर डेंटिस्टची चिठ्ठी, की बाईंना पुढच्या दोन दातांत फट हवी आहे, पूर्वी होती तशी. कवळीवाल्याचं डोकंच फिरलं. "फट? मी काय नवशिका आहे?" त्यानं तीच कवळी पुन्हा चकचकीत करून पाठवली. ती पुन्हा परत आली. डेंटिस्टनं फोनवर हसत हसत समजावलं, "अहो, त्यांच्या नातवानं ओळखलं नाही त्यांना. द्या की फट." शेवटी फट दिली, पण आठवडाभर धुमसत होता. सरळ दात मुद्दाम वाकडे करायचे हे त्याच्या गळी कधी उतरलंच नाही.

दुर्बीण हा त्याच्या तरुणपणाचा उद्योग. काचेवर काच घासून त्यानं स्वतः आरसा केला होता, लाकडी खोक्यासारखी लांब नळी केली होती, ती ठेवायला फिरता पाट केला होता. सगळं झाल्यावर त्यानं चंद्राचे खड्डे बघितले, एका ग्रहाची कडी बघितली, "झकास" म्हणाला आणि पुन्हा कवळ्यांकडे वळला. वस्तू जमेपर्यंतच त्याचा जीव तिच्यात असायचा. मग ती दुर्बीण मागच्या अंगणात बायकोनं ताब्यात घेतली, आणि तिनं जी घेतली ती घेतलीच.

तिचा एक तारा होता. लालसर, वर्षभरात हळूहळू मंद होत जाणारा आणि पुन्हा पेटणारा. ती त्याला निखारा म्हणायची. आभाळ स्वच्छ असलं की दिवे लागल्यानंतर ती अंगणात जायची, निखाऱ्याची त्याच्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची आणि आज तो किती तेजाचा आहे त्याचा आकडा ठरवायची. शेजारचे तारे बदलत नाहीत, त्यांचं तेज ठाऊक असतं, त्यामुळे हे जमतं. मग तो आकडा तारे बघणाऱ्यांच्या मंडळाला कळवायचा. अशा पुष्कळ माणसांच्या आकड्यांवरून त्या ताऱ्याचा चढउतार समजतो म्हणे. कवळीवाला म्हणायचा, "एवढ्या लांबचा निखारा, तू फुंकर घातली नाहीस तर विझणार आहे का?" ती म्हणायची, "तुमच्या कवळ्या चावतात का ते बघायला तुम्ही जाता का कुठे? मग माझ्यात लुडबुड नको."

तरी तो एकदा गेलाच होता लुडबुड करायला. ती आत पाणी प्यायला गेली तेवढ्यात त्यानं भिंगाला डोळा लावला. तारे पसरट, पुसट. "अगं, फोकस गेलाय!" असं ओरडून त्यानं बाजूची चकती फिरवली आणि तारे टाचणीच्या टोकासारखे करून दिले. ती दारात उभी राहून बघत होती. नुसती हसली.

मग तिच्या हातून कप पडायला लागले.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. सोप्या भाषेत सांगायचं तर अंगातला एकेक स्नायू तिचं ऐकेनासा होणार होता. आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, आणि शेवटी श्वास. डोकं शाबूत राहणार, डोळे राहणार. औषध नाही. घरी आल्यावर कवळीवाला कामाच्या खोलीत गेला आणि एका तयार कवळीला उगाच पॉलिश करत बसला.

पहिल्यांदा गेलं ते बोटांचं बळ. भिंगाची नळी पुढेमागे सरकवायची चकती तिला फिरेना. चित्र स्पष्ट व्हायचं तर नळी नेमक्या जागी लागते, आणि ती जागा ज्याच्या त्याच्या डोळ्याप्रमाणे वेगळी. कवळीवाला आपल्या डोळ्यानं फोकस लावून द्यायचा, तिला ते भलतंच दिसायचं. मग "थोडं पुढे... नाही, मागे... अहो, फार झालं" असं चालायचं. त्यात त्याचा हात लागला की सगळी दुर्बीण थरथरायची आणि तारा नाचायला लागायचा. थरथर थांबेपर्यंत ती दमलेली. शिवाय तिचं बोलणंही आता जड झालं होतं.

एका संध्याकाळी तिनं मान वळवली आणि अडखळत, पण स्पष्ट सांगितलं. "मला स्वतःला करायचंय. तुम्हाला न विचारता. निखारा पश्चिमेला उतरलाय. दोन-तीन महिन्यांत सूर्याच्या उजेडात जाईल. तो परत दिसेल तेव्हा मी नसेन. एक आकडा मला माझा हवाय."

"नसेन काय, नसेन काय," तो खेकसला. मग आत जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं. पण त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरेना. डेंटिस्टचे साचे फडताळात साठत गेले.

भिंगाच्या नळीला मोटर बसवायची. हात लागायला नको, दुर्बीण हलायला नको, आणि नळी सरकवायची ती तिनंच. जुन्या प्रिंटरमधून त्यानं टिकटिक करत फिरणारी छोटी मोटर काढली. त्याच प्रिंटरचा दातेरी पट्टा घेतला. चकतीच्या जागी दातेरी चाक बसवलं, पट्टा ओढून धरायला पत्र्याची पकड केली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या पोरसवदा मालकाकडून मोटर चालवणारी सर्किटची पाटी आणली आणि त्याचं डोकं खाऊन तिची जोडणी शिकून घेतली. पट्टा ढिला असला की चाक फिरायचं आणि नळी जागची हलायची नाही. दिशा बदलताना तर हमखास. केसाएवढी ढिलाई, पण याला ती खपणार थोडीच. त्यानं पकड तीन वेळा मोडून केली. दोन बटणांची डबी केली, एक पुढे, एक मागे. डबी हातात मावेल अशी घासली, कडा गोल केल्या, पॉलिश केलं.

डबी तिच्या हातात दिली तेव्हा तिचा अंगठा बटणावर गेला आणि तिथेच राहिला. दाबला जाईना. मोटर बसवायला घेतली तेव्हा अंगठ्यात जोर होता. हा पॉलिश करत बसला आणि अंगठा गेला.

"हरकत नाही," तो म्हणाला. "पाय आहे की."

पायाखालचा खटका झाला. तो होईतो पाय गेला. आजार पुढे पळत होता आणि हा मागून स्क्रू ड्रायव्हर घेऊन धावत होता. अंगणात चाकांच्या खुर्चीवर तिला बसवायचं, मानेला उशा लावायच्या, दुर्बिणीचा पाट बुटका करून भिंग तिच्या डोळ्यापाशी आणायचं, एवढं सगळं करून शेवटी तिनं दाबायला काही उरलेलंच नसायचं. अशा वेळी तो तिच्या पाठीमागे जाऊन उभा राहायचा. तिला त्याचं तोंड दिसू नये म्हणून.

त्याच सुमारास तिची थोरली बहीण राहायला आली. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आवाज खणखणीत, जीभ त्याहून धारदार. आल्या आल्या तिनं घराचा ताबा घेतला, फडताळातले साचे बघून "हे काय, भुतांचे जबडे?" म्हणाली, आणि बहिणीशी बोलायला एका पुठ्ठ्यावर सगळी अक्षरं आणि आकडे ओळींनी लिहून काढले. ती ओळींवरून, मग अक्षरांवरून बोट फिरवायची. हवं ते अक्षर आलं की धाकटी डोळे वर करायची. नाही म्हणायचं असेल तर खाली. एक वाक्य व्हायला चहा गार व्हायचा. थोरलीची काही हरकत नसायची.

कवळीवाल्याला मात्र तेवढा धीर कुठला? दोन अक्षरं झाली की तो शब्द पुरा करून टाकायचा. "पा... पाणी? पाठ? पाठ दुखतेय? उशी काढू?" ती डोळे मिटून घ्यायची. थोरली म्हणायची, "भावोजी, बोलणाऱ्याचं पुरं व्हायच्या आत लाइन तोडायची नसते. एवढं तरी शिका."

"ताई, मला वेळ नाहीये हो," तो म्हणायचा. आणि ते खरंच होतं.

मग एका दुपारी कुणाच्या तरी वरच्या दातांचा साचा हातात असताना त्याला सुचलं. चावा. तिचा जबडा अजून चालत होता. मऊ घास ती चावत होती. दिवसभर तो दुसरं काय करतो? माणसं चावतात कशी, कुठला दात कुठे टेकतो, हेच तर बघतो! त्यानं ताबडतोब तिच्या दातांचा साचा घेतला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडाचा साचा त्यानं कधी घेतला नव्हता. साचा निघाला तेव्हा तिचा तो खालचा एक दात, किंचित आत झुकलेला, प्लास्टरमध्ये जसाच्या तसा उमटला होता. त्यावर अंगठा ठेवून तो बराच वेळ बसून राहिला.

वरच्या दातांवर बसेल अशी रेझिनची पातळ पट्टी केली. पट्टीत दाढेच्या जागी पाकळीएवढा खटका बसवला, त्याची वायर ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढली. घशात जायला नको म्हणून बाहेर मजबूत दोरी. निळा कागद दातांत धरायला लावला, जिथे निळे ठिपके उमटले तिथे घासलं, पुन्हा धरायला लावला. आता रचना अशी की चावून धरलं तेवढा वेळ मोटर चालणार. सोडून पुन्हा चावलं की उलट्या दिशेला.

त्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ होतं. त्यानं दुर्बीण निखाऱ्याकडे लावली, तिचं डोकं उशांमध्ये नीट धरलं आणि डोळा भिंगाशी आणला. पट्टी तोंडात होती. मग मोटर बोलली. टिकटिकटिक. थांबली. पुन्हा, उलट्या दिशेनं. त्यानं विचारलं, "दिसलं? झालं स्पष्ट?" टिकटिक. तिनं चावणं चालूच ठेवलं. तो वाकला आणि तिला जरा बाजूला घेऊन स्वतः भिंगातून बघितलं. तारे पसरलेले. पुसट ठिपके. माणसामाणसाच्या डोळ्यांत फरक असतो हे त्याला ठाऊक होतं, पण एवढा?

"पुढे गेलं गं फार," तो म्हणाला. "थांब, मी आणतो मागे."

त्यानं आणलं. तिनं पुन्हा चावलं. पुन्हा पुसट. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा त्यानं मनाशी ठरवून टाकलं की तिच्या जबड्याला आता आवर राहिलेला नाही. चावायला सांगितलं की चावते, सोडायचं वेळेवर जमत नाही. बिचारी. आणि दिवस तर भराभर चाललेत. निखारा रोज शेजारच्यांच्या छपराकडे सरकतोय.

आतून थोरली पुठ्ठा घेऊन आली. बहिणीचे डोळे बघून म्हणाली, "ती काहीतरी सांगतेय."

"नंतर, ताई, नंतर. ती दमलीय. आणि मला कळलंय काय करायचं ते."

दुसरा अख्खा दिवस तो खोलीतून बाहेर आला नाही. आदल्या संध्याकाळी तारा तिच्या डोळ्याला नेमका कुठे टोकदार दिसतो ते त्यानं डोळ्यांच्या हो-नाहीवरून पक्कं करून घेतलं होतं. नळी ज्या पट्टीवरून सरकते तिच्यावर, त्या जागेच्या अगदी पुढे, त्यानं गुलाबी रेझिनचा एक थेंब टाकला आणि पक्का होऊ दिला. मागच्या बाजूलाही एक. मग दोन्ही थेंब घासून, पॉलिश करून, अंगचेच असल्यासारखे करून टाकले. आता कितीही चावलं तरी नळी त्या जागेवर येऊन अडणार. पुढे नाही, मागे नाही.

"आता चुकायचं म्हटलं तरी चुकता येणार नाही तुला," तो तिला म्हणाला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जान आली होती.

संध्याकाळी तिनं चावलं. मोटर घूं घूं करून अडली. तिनं सोडलं, पुन्हा चावलं. घूं घूं. पुन्हा. पुन्हा. तो बाजूला उभा राहून ऐकत होता आणि प्रत्येक घूं घूं ऐकून मान हलवत होता, की बरोबर, आली जागेवर. मग आवाज थांबला. त्यानं वाकून पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती, भिंगाची कड भिजली होती. त्याचे स्वतःचे डोळे भरून आले. त्यानं तिचं कपाळ पुसलं, गाल पुसले, भिंग पुसलं.

जेवताना तो थोरलीला म्हणाला, "ताई, रडली हो आनंदानं. दिसला तिला निखारा."

"आनंदानं?" थोरली म्हणाली, ताट बाजूला सारलं आणि पुठ्ठा घेऊन बहिणीच्या खोलीत गेली.

बऱ्याच वेळानं ती लिहून घेतलेला कागद घेऊन बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरची नेहमीची धार गेली होती. "बसा, भावोजी," ती म्हणाली. "मी वाचून दाखवते. मध्ये बोलायचं नाही."

तो बसला.

"ती म्हणते, मी मुद्दाम पुसट करत होते. तारा टोकदार असला की त्याचं तेज मोजता येत नाही. लाल तारा डोळ्याला फसवतो, बघत राहिलं की जास्तच तेजाचा वाटतो. म्हणून दोघांना पसरायचं, निखाऱ्यालाही आणि शेजारच्या पांढऱ्यालाही. दोन ठिपके झाले की कुठला जास्त उजळ ते कळतं. मी कायम असंच करत आलेय. तुम्ही फोकस नीट करून दिलात त्या दिवशीसुद्धा, तुम्ही आत गेल्यावर मी पुन्हा फिरवला होता." थोरलीनं कागद उलटला. "आणि शेवटी म्हणते, तुम्ही दार बंद केलंत."

इतकी वर्षं ती रोज अंगणात जाऊन नेमकं काय करते, हे कवळीवाल्यानं एकदाही विचारलं नव्हतं. साचा घेतला होता, माणसाला विचारलं नव्हतं. त्या म्हातारीची फट त्याला आठवली, आणि फोनवरचं डेंटिस्टचं हसणं. तो उठला, अंगणात गेला, दुर्बिणीवर टॉर्च मारला. ते दोन गुलाबी थेंब उजेडात लकाकत होते. इतकं सुबक काम त्यानं आयुष्यात क्वचित केलं असेल. त्याला ते नखांनी ओरबाडून काढावंसं वाटलं.

सकाळ होताच त्यानं घासायचं यंत्र अंगणात ओढून आणलं आणि थेंब खरवडून काढले. घाईत एकदा नळीच्या पट्टीवर ओरखडा गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ओरखडा तसाच सोडला.

पण त्या दिवशी ढग आले. नंतरच्या दिवशीही ढग. ढगांच्या त्या दिवसांत तिचं चावणं गेलं. सकाळी घास तोंडात फिरेना, थोरली पातळ करून चमच्यानं भरवायला लागली. जबडा मिटायचा, पण जोर लागायचा नाही. कवळीवाल्यानं खटक्याची तार बदलली. वाकडे दात सरळ करायला वापरतात त्यातली सगळ्यात मऊ तार घातली. ती चालेना म्हणून तीच घासून आणखी पातळ केली. इतकी पातळ केली की नुसत्या लाळेनं खटका लागायचा आणि मोटर आपल्याआप चालायची. मग पुन्हा थोडी जाड. दिवसभर तो तिच्या तोंडाशी बसून होता. "चाव. चावतेस ना? अगं, चाव की गं." मोटर ढिम्म. तो बाहेर जाऊन भिंतीवर डोकं टेकून उभा राहायचा आणि परत यायचा. देव मानत नव्हता, तरी त्या दिवसांत आभाळाकडे बघून काहीबाही पुटपुटताना थोरलीनं त्याला ऐकलं.

आभाळ उघडलं तेव्हा निखारा शेजारच्यांच्या छपराच्या जेमतेम वर होता. उद्या दिसायच्या आतच तो छपरामागे जाणार होता, हे कुणी सांगायची गरज नव्हती. दोघांनी मिळून तिला बाहेर आणलं, उशा लावल्या. त्यानं तिच्या नेहमीच्या टोकदार जागेवर नळी आणून ठेवली, तारा भिंगात आणला, पट्टी तिच्या दातांवर बसवली. बसताना ती किंचित टक् वाजली. केसाचाही फरक नव्हता.

"तुझं तू कर," तो म्हणाला. "मी काही बोलत नाही."

मोटर बोलेना. अंगणाच्या भिंतीपलीकडे कुणीतरी सायकल उभी केली, कुणीतरी दार लावलं. तारा भिंगातून सरकत जात होता, तो दुर्बिणीला हलकेच ढकलून तारा परत आणत होता. पुन्हा वाट. तिच्या कानाजवळची नस हलताना त्याला दिसत होती. ती चावायचा प्रयत्न करत होती, सगळं बळ एकवटून, आणि खटक्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

त्याला राहवेना. त्यानं तिच्या हनुवटीखाली तळहात धरला. वर नुसतं दाबलं असतं तरी खटका लागला असता. त्यानं तिच्या मोकळ्या डोळ्याकडे पाहिलं. डोळा खाली गेला. नाही.

"अगं, मी फक्त आधार..."

डोळा पुन्हा खाली. नाही.

त्यानं हात काढून घेतला. आयुष्यात त्यानं पुष्कळ अवघड कामं केली असतील, पण तो हात काढून घेण्याएवढं अवघड दुसरं काही नव्हतं. छपरावरच्या आभाळात उजेडाचा पट्टा अजून होता. तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. थोरली पुठ्ठा छातीशी धरून दारात उभी होती.

टिकटिकटिक.

छोटासा आवाज. एका श्वासाएवढा. मग बंद. पुन्हा काही आला नाही.

ती बघत राहिली. त्यानं विचारलं नाही, वाकला नाही, भिंगाला डोळा लावला नाही. तारा सरकला की दुर्बीण ढकलत राहिला. निखारा छपराला टेकला तेव्हा तिनं डोळा मिटला. मग थोरली पुढे आली, तिचं डोकं उशीवर मागे घेतलं, आणि पुठ्ठ्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवायला लागली. एक आकडा. डोळे वर. दुसरा. डोळे वर. कवळीवाल्याच्या ओठांवर शब्द आले होते, ते त्यानं गिळले. थोरलीनं आकडा मोठ्यानं वाचला, अगदी एक्स्चेंजमध्ये नंबर वाचावा तसा. त्याच संध्याकाळी तिनं तो मंडळाला कळवला, बहिणीच्या नावानं.

त्यानंतर तिला चावता आलं नाही. निखारा सूर्याच्या उजेडात गेला आणि तो परत यायच्या आत ती गेली.

ती गेल्यावर डेंटिस्ट भेटायला आला. थोरलीनं चहा दिला. चहा संपल्यावर डेंटिस्ट उठून अंगणात गेला, मागोमाग कवळीवालाही. दुर्बीण तशीच उभी होती, आणि तिच्या खोबणीत ती दातांची पट्टी ठेवलेली. त्यानं ती उचलून उजेडात धरली, सराईत नजरेनं न्याहाळली आणि जागेवर ठेवली. संध्याकाळचा चंद्र वर आला होता. कवळीवाल्याला बरं वाटावं म्हणून असेल, किंवा स्वतःला काही सुचत नव्हतं म्हणून असेल, डेंटिस्टनं दुर्बीण चंद्राकडे वळवली आणि डोळा लावला.

"अहो, फोकस गेलाय हा," तो म्हणाला. "सगळं पुसट दिसतंय. जरा नीट करता का?"

सवयीनं कवळीवाल्याचा हात मोटरच्या बटणाकडे गेला. बटणाशी पोचला आणि थांबला. त्यानं हात परत घेऊन खिशात घातला.

"राहू द्या," तो म्हणाला. "ते तिनं केलंय."